माझ्या छातीचा फ्लेक्स

लातूर,
१८ जानेवारी २०२५

सतीशदादा,

जय भीम. पत्र लिहितो आहे, कारण फोनवर तू मला बोलू देत नाहीस आणि मेसेज केला तर त्याचा स्क्रीनशॉट काढून ग्रुपवर टाकतोस. कागद वाचायला निदान बसावं लागेल तुला. तुझा नंबर मी ब्लॉक केला आहे, तेव्हा फोन का लागत नाही म्हणून आईला त्रास देऊ नकोस.

आज सकाळी गावाकडून लखननं मला एक फोटो पाठवला. खाली हसणारं तोंड टाकून लिहिलं होतं, ‘फेमस झालास बे.’ नांदूरघाटच्या स्टँडसमोर, चहाच्या टपरीच्या डोक्यावर, या खांबापासून त्या लिंबापर्यंत फ्लेक्स ताणलेला. मधोमध अर्जुनराव साहेब, हात जोडलेले, पांढरे कडक कपडे. वर मोठ्या अक्षरात: ‘खचलेल्या छातीला दिला आधार, असा आमचा साहेब दिलदार!’ खाली कार्यकर्त्यांची मुंडकी ओळीनं. त्यात तू, जाकीट घालून, गॉगल लावून. आणि साहेबांच्या दोन्ही बाजूंना मी. डावीकडे ‘पूर्वी’, उजवीकडे ‘आता’. दोन्हीकडे उघडा. खाली नाव, गाव, सगळं.

दादा, त्या फ्लेक्सवर एवढी माणसं आहेत, त्यात कपडे नसलेला मी एकटाच आहे. हे बनवायला टाकताना तुझ्या लक्षात आलं नाही का?

मी तो फोटो बघितला आणि मेसच्या बाहेर पायरीवर बसलो. आत मुलं नाश्ता करत होती. मला वाटलं, सगळ्यांच्या मोबाइलवर तो आला असेल. कुणी मान वर केली तरी मला ते माझ्या छातीकडे बघताहेत असंच वाटत होतं. अजून वाटतं आहे.

‘पूर्वी’चा फोटो कुठला, ते मला चांगलं आठवतं. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी मला भिंतीला टेकून उभं केलं होतं. डॉक्टर मॅडम म्हणाल्या, आमच्या रेकॉर्डला लागतो, चेहरा घेत नाही. त्यांनी घेतलाही नाही. तू म्हणालास, “म्याडम, मी पन एक काढू का? साहेबाच्या हापिसात फाइलला लावायचा हाय, तोंडासगट लागतो.” मी तुझ्याकडे बघितलं. तू म्हणालास, “हालू नको.” मी हललो नाही. ते डोळे तुझ्याकडे बघणारे आहेत दादा, साहेबांकडे नाही. ‘आता’चाही तूच काढलास, फाइललाच लागतो म्हणून.

माझ्या छातीबद्दल तुला नव्यानं सांगायची गरज नाही, पण सांगतो, कारण तू विसरलेला दिसतोस. माझं छातीचं हाड जन्मापासून आत गेलेलं. वय वाढलं तसा खड्डा वाढला. शाळेत मला ‘वाटी’ म्हणायचे. आश्रमशाळेत मी झोपलो की कुणीतरी बनियन वर करून त्या खड्ड्यात गोटी ठेवायचं आणि बाकीचे हसायचे. पीटीचे सर पाठीत बुक्का घालून म्हणायचे, “वाकून कावून हुबा ऱ्हायलास? छाती काड की म्होरं!” छाती पुढे काढणं माझ्या हातात असतं तर मी ती केव्हाच काढली असती. विहिरीवर सगळे पोहायचे तेव्हा मी कपडे सांभाळायला बसायचो. मला पोहायला येतं हे तुझ्याशिवाय कुणालाच माहीत नव्हतं. कुणी नसलं की तूच मला दुपारचा घेऊन जायचास.

त्याच तू हा फोटो स्टँडवर टांगलास. येणारी प्रत्येक जीप त्याच्याखाली थांबते.

हे पत्र मिळालं की लगेच तो उतरव. विचार करतो, बघतो, साहेबांना विचारतो, असलं काही नको.

पवन


लातूर,
२४ जानेवारी २०२५

सतीशदादा,

माझं पत्र पोचलं, कारण काल तू अमरसिंहच्या मोबाइलवर फोन केलास. बिचाऱ्यानं वसतिगृहभर शोधून मला तो दिला. माझ्या खोलीतल्या मुलाला यात ओढू नकोस. त्यानं अजून एक शब्द विचारलेला नाही आणि त्याचे उपकार मी फेडू शकत नाही.

तू जे बोललास ते मी इथे लिहून ठेवतो, म्हणजे तुलाच वाचायला मिळेल.

तू म्हणालास, “आरं येड्या, लोकं साहेबाच्या फ्लेक्सवर अंगठ्याएवढा फोटो यावा म्हनून वर्सं घालवत्यात. तुजा तर पार दाराएवढा हाय.”

मी म्हणालो, “उघडा हाय.”

“मंग? पोरगी हायेस का लाजायला?”

म्हणजे लाज ही पोरींनी बाळगायची गोष्ट. पोरांना अंग असतं, लाज नसते. मला गोटीवाल्या पोरांचा राग आला नव्हता एवढा या वाक्याचा आला. ती पोरं लहान होती.

मग म्हणालास, “आन् साहेब नसते तर आपरेशन झालं असतं का?” झालं असतं. योजना सरकारची आहे, ज्याच्याकडे रेशनकार्ड आहे त्या कुणालाही मिळते. ऑपरेशन सरकारी दवाखान्यात झालं. साहेबांनी एका कागदावर सही केली. बाबा गवंडीकाम सोडून माझ्या उशाशी बसले, आईनं तिथल्या आवारात स्टोव्हवर भात शिजवला, तू रात्रीच्या गाड्यांनी ये-जा केलीस. मग आभाराच्या फ्लेक्सवर तुम्हा तिघांचे फोटो मोठे पाहिजे होते. योजना सरकारची, धावपळ तुमची, छाती माझी आणि दिलदार मात्र साहेब!

बाबा त्या फ्लेक्सखाली उभे राहून फोटो काढून आले, हे तू मला फार कौतुकानं सांगितलंस. बाबांवर मी रागावत नाही. त्यांनी जन्मभर दुसऱ्यांची घरं बांधली आणि त्यांचं नाव कुठल्याही पाटीवर आलं नाही. मुलाचं आलं, त्यांना बरं वाटलं असेल. पण तू? दर जयंतीला चौकात माइक हातात घेऊन तू कशावर बोलतोस रे? स्वाभिमानावर. गेल्या वर्षी तर तुझा घसा बसला होता. मी पहिल्या ओळीत बसून टाळ्या वाजवत होतो. तो स्वाभिमान फक्त कपडे घातलेल्या माणसांचा असतो का?

आणि फोन ठेवताना हळूच सांगितलंस की नऊ फेब्रुवारीला केजला साहेबांच्या वाढदिवसाचं आरोग्य शिबिर आहे आणि मला स्टेजवर यायचं आहे. तू शब्द दिला आहेस. त्याच स्टेजवर तुझं युवक तालुकाध्यक्षपद जाहीर होणार आहे. आता मला सगळं नीट कळलं.

मी येणार नाही. फ्लेक्स उतरव.

पवन


लातूर,
२ फेब्रुवारी २०२५

दादा,

तुझ्या डोक्याची कमाल आहे. मी फ्लेक्स उतरव म्हणालो आणि तू माझ्या डोळ्यांवर काळी पट्टी चिकटवलीस! वहिनीनं फोटो पाठवला. खाली तिनं लिहिलं होतं, ‘भाऊजी, हे म्हणतेत आता कुनी वळखणार न्हाई.’ पेपरात मोबाइल चोरणाऱ्याचा फोटो छापतात, तसा दिसतोय मी. आणि पट्टीखाली माझं नाव तसंच. कोण ओळखणार नाही मला? नांदूरघाटात पवन भारत किती आहेत?

डोळे झाकलेस, छाती उघडी ठेवलीस. कुणाला काय बघायचं आहे ते तुम्हाला बरोबर कळतं.

आता खरी गोष्ट सांगतो. तीच सांगायला आज बसलो आहे.

परवा मला एका बाईचा फोन आला. लखनकडून नंबर मिळवला म्हणाल्या. बायनाबाई, आपल्या नांदूरघाटच्या नव्हे, घाटनांदूरच्या. त्यांची मुलगी विजयमाला नववीत आहे. तिचीही छाती माझ्यासारखी आत गेलेली. पळाली की धाप लागते, पाठ वाकवून चालते, ओढणी दोन पदरी घेते. बायनाबाई बाजाराला केजला आल्या होत्या. तिथे तोच फ्लेक्स लावला आहेस हे मला त्यांच्याकडून कळलं. त्या फ्लेक्ससमोर त्या खूप वेळ उभ्या राहिल्या. त्यांना पहिल्यांदा कळलं की यावर इलाज आहे. हरखून गेल्या, मोबाइलवर फोटो काढला आणि घरी जाऊन पोरीला दाखवला.

आणि तेव्हापासून पोरगी दवाखान्याचं नाव काढू देत नाही. बायनाबाई रडत होत्या. “म्हनती, तितं कपडे काडून फोटू काडत्यात आन् चौकात लावत्यात. म्या मरन पन जानार न्हाई. तूच सांग बाबा, खरंच लावत्यात का?”

दादा, मी काय सांगू? नाही लावत म्हणू? त्यांच्या मोबाइलमध्ये मीच आहे.

तुझ्या फ्लेक्सनं कुणाचं काय बिघडलं हे तू मला विचारत होतास ना? एका पोरीचा इलाज अडला त्याच्यामुळे. आता साहेबांना सांग, ‘आधार’ या शब्दाखाली हेही छापा.

मी विजयमालाशी बोललो. आधी नुसता तिचा श्वास ऐकू येत होता. मी तिला सांगितलं की दवाखान्यात असं करत नाहीत, हे माझ्या घरच्या माणसानं केलं. तिनं लगेच विचारलं, “घरच्यानं?” मी हो म्हणालो. मग सांगितलं की डॉक्टर हाडाच्या मागून स्टीलची आडवी पट्टी घालतात, हाड वर येतं, पट्टी दोनतीन वर्षं आत राहते, मग काढतात. माझी अजून आत आहे, पुढच्या वर्षी निघेल. दुखतं, खोटं सांगत नाही. पण आता मी वसतिगृहाचे जिने धाप न लागता चढतो.

तिनं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, “आता तुमी शर्ट काडून आरशात बगता का?”

मला वाटलं थाप मारावी. ती धीट झाली असती. पण हिला सगळेच काही ना काही सांगून फसवणार आहेत, म्हणून मी खरं बोललो. नाही बघत. अंघोळीला जातो तेव्हा दिवा लावत नाही. बनियन घालून मगच बाहेर येतो. ‘आता’चा फोटो छान आहे म्हणतोस ना तू? त्या छातीला माझी म्हणायला मला अजून जमलेलं नाही. दोन्ही काखांखाली व्रण आहेत. मी झोपताना जपून कुशी बदलतो, मित्राच्या मिठीत शिरत नाही, आत पट्टी लागेल त्याला म्हणून. डॉक्टरांनी हाड उचललं. ‘वाटी’ त्यांना उचलता आली नाही, ती त्यांनी ठेवलीच नव्हती.

“मंग कावून केलं आपरेशन?” ती म्हणाली.

मी म्हणालो, “श्वासासाठी. आन् बाकीचं आपल्याला हळूहळू करायचं हाय. पर ते करायला लोकांनी जरा दुसरीकडं बघायला पायजे.”

ती म्हणाली, “मंग आदी त्यो फ्लेक्स काडा. मंग मी जाते.”

पंधरा वर्षांची पोरगी जे ताडकन बोलली, ते मी तुला तीन पत्रांत सांगतो आहे. आता हे माझ्या एकट्याच्या लाजेचं राहिलेलं नाही. तिचा श्वास त्या फ्लेक्सच्या दोरीला बांधलेला आहे आणि दोरीची गाठ तू मारलेली आहेस.

पवन


लातूर,
६ फेब्रुवारी २०२५

दादा,

लखनला विचारलं. दोन्ही फ्लेक्स तिथेच आहेत. साहेबांच्या वाढदिवसापर्यंत कुणी हात लावायचा नाही असं तू टपरीवाल्याला सांगून ठेवलंस म्हणे.

ठीक. मी शिबिराला येतो.

खूश होऊन सगळ्यांना सांगत सुटू नकोस. मी तुझ्या पदासाठी येत नाही आणि साहेबांच्या वाढदिवसासाठी तर मुळीच नाही. माझ्या अंगावर तुम्ही सगळे बोलणार आणि मी लातूरला बसून पत्रं लिहिणार, याचा मला कंटाळा आला आहे. तिथे काय करणार ते अजून माझं मलाच माहीत नाही. मला रात्री झोप नाही. हे तुला सांगावंसं वाटलं कारण पूर्वी असलं काही मी तुलाच सांगायचो.

आईला सांग, शाल-बिल काही आणू नका.

पवन


लातूर,
१२ फेब्रुवारी २०२५

सतीशदादा,

केजच्या मंगल कार्यालयाच्या मागच्या दारात तू मला धरून हलवलंस आणि म्हणालास, “आमचं नाक कापलंस तू. आजपासून तुजा-माजा संबंध न्हाई.” वहिनी मध्ये पडली नसती तर मारलंही असतंस. अध्यक्षपद जाहीर झालं नाही. मी माफी मागत नाही.

आणि हेही ऐक. नांदूरघाटचा फ्लेक्स त्याच संध्याकाळी उतरला. तुला वाटत असेल पोरांनी फाडला. बाबांनी काढला. वहिनीनं मला सांगितलं. कार्यालयातून घरी गेले ते चहासुद्धा न घेता कामावरची शिडी खांद्यावर घेऊन स्टँडवर गेले. टपरीवाला म्हणाला, सतीशनं हात लावू नको म्हणून सांगितलंय. बाबा म्हणाले, “ते पोरगं माजं हाय. सतीशचं न्हाई आन् साहेबाचं बी न्हाई.” केजचा दुसऱ्या दिवशी पहिल्या जीपनं जाऊन काढला. बाबांना चार शब्द जोडून बोलताना मी कधी ऐकलेलं नाही. हे मी ऐकायला पाहिजे होतं.

विजयमाला सोमवारी दवाखान्यात जाते आहे. बायनाबाईंचा फोन होता. पोरीनं अट घातली आहे, सोबत येईल त्यानं मोबाइल बंद ठेवायचा. वडिलांनी, राम म्हणून आहेत, कबूल केलं.

तू म्हणतोस मी साहेबांचा भर सभेत अपमान केला. तू स्टेजच्या मागे शाल-नारळाची ताटं लावत होतास, तुला फक्त साहेबांची पाठ दिसली. समोरून काय दिसलं ते सांगतो.

सूत्रसंचालनाला धोंडीराम गुरुजी होते. त्यांनी माझं नाव पुकारलं, टाळ्या वाजवायला लावल्या. साहेब उठले, माझ्या खांद्यावर हात टाकला. त्यांचा हात जड आहे. गुरुजी माइकमध्ये म्हणाले, “आणि आता हा चमत्कार आपण प्रत्यक्ष डोळ्यांनी बघणार आहोत! पवन बाळा, शर्टाची बटणं काढ जरा. लाजू नको. आपलीच माणसं आहेत.”

आपलीच माणसं. पुढे खुर्च्यांवर सगळी ओळखीची तोंडं. आश्रमशाळेतली दोघं होती. डावीकडे बायका, त्यात आई, पदर तोंडाला लावून. बाबा भिंतीशी उभे. कितीतरी मोबाइल वर झालेले. खरं सांगतो, बटणाकडे माझा हात जायलाही लागला होता. इतक्या लोकांनी एकदम सांगितलं की हात आपोआप जातो.

मग मी गुरुजींच्या हातातला माइक घेतला. म्हणालो, “साहेब, आदी तुमी काडा. मंग मी काडतो.”

मग बायकांतून कुणीतरी खुदकन हसलं आणि ते हसू मागच्या खुर्च्यांपर्यंत गेलं. साहेबही हसले, म्हणाले, “पोरगं लई हजरजबाबी हाय!” माइक माझ्याकडून घेतला, मला शाल घातली आणि कार्यक्रम पुढे नेला. व्हिडिओत एवढंच आहे. अपमान म्हणतोस तो एवढाच.

पण लोक हसायच्या आधी, मी बोललो त्या क्षणी, साहेबांचा खांद्यावरचा हात सुटला. तो त्यांच्या गळ्याशी गेला. वरचं बटण लागलेलं होतं, तरी त्यांनी ते मुठीत घट्ट धरलं. खांदे पुढे आले, पाठ थोडी वाकली. त्यांना ते कळलंही नसेल. मी हातभर अंतरावर होतो, मला कळलं. शाळेपासून मी तसाच उभा राहत आलो आहे.

आणि दादा, साहेबांच्या छातीला तर काहीच झालेलं नाही.

पवन